सामर्थ्यानंतरची वाढ : ‘अर्थसी’ कादंबरीमालेचे पुनर्वाचन

प्रस्तावना

अद्भुतकथा बालपणी वाचावी आणि वय वाढले की बाजूला ठेवावी, असा एक समज वाङ्मयव्यवहारात रूढ आहे. अमेरिकन लेखिका उर्सुला के. ले ग्विन (१९२९-२०१८) यांची ‘अर्थसी’ ही कादंबरीमाला या समजाला छेद देते. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८), ‘द टूम्ज ऑफ अटुआन’ (१९७१) व ‘द फार्देस्ट शोर’ (१९७२) या तीन कादंबऱ्या दीर्घकाळ पूर्ण त्रयी म्हणून वाचल्या गेल्या. त्यानंतर १८ वर्षांनी ‘टेहानू’ (१९९०) ही चौथी कादंबरी आली आणि २००१ मध्ये ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा कथासंग्रह व ‘दि अदर विंड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ही कालांतरे केवळ प्रकाशनाच्या इतिहासाचा भाग नाहीत. उत्तरार्धातील पुस्तके हे लेखिकेने स्वतःच्याच साहित्याचे केलेले पुनर्वाचन आहे. त्या प्रकाशात गेड व टेनार या प्रमुख पात्रांची वाढ कशी दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गेड : उपयोगाचा प्रश्न

पहिल्या कादंबरीचे कथानक परिचित वळणाचे आहे. गॉण्ट बेटावरील धातुकाम करणाऱ्या कारागिराचा आईविना वाढलेला मुलगा जादूविद्येत असामान्य निघतो, रोक बेटावरील विद्यालयात जातो, अहंकारापोटी एका अंधाऱ्या छायेला जगात वाट करून देतो आणि अखेरीस त्या छायेला स्वतःच्याच नावाने हाक मारून पूर्णत्व पावतो. प्रथम वाचनात लक्ष राहते ते रोकवरील स्पर्धा, ड्रॅगनशी सामना व छायेचा पाठलाग या प्रसंगांवर. पुनर्वाचनात मात्र आरंभीचा एक संथ भाग महत्त्वाचा ठरतो. गेडचा गुरू ओगियन भर पावसात जादू न वापरता झाडाखाली झोपतो. पाऊस थांबवता येत नसेल तर सामर्थ्याचा उपयोग काय, असे तरुण शिष्याला वाटते. रस्त्याकडेच्या एका साध्या वनस्पतीविषयीही तो हाच प्रश्न विचारतो. ओगियनच्या मते मूळ, पान, फूल व बी यांसह ती वनस्पती ओळखणे आधी येते. उपयोगाचा प्रश्न त्यानंतरचा.

हा प्रश्न पुढे गेडवरच उलटतो. ‘द फार्देस्ट शोर’च्या शेवटी मृतांच्या कोरड्या प्रदेशातील दार बंद करताना त्याचे सर्व सामर्थ्य खर्च होते. ती कादंबरी त्याच्या निरोपाच्या दोन वेगवेगळ्या कथा सांगून थांबते व त्यामुळे या त्यागाला दंतकथेचे तेज लाभते. ‘टेहानू’मध्ये तेच तेज उतरवून ठेवलेले आढळते. येथे गेड लज्जित आहे. राज्याभिषेकासाठी त्याला न्यावयास आलेल्या राजदूतांपासून तो लपतो आणि डोंगरावर शेळ्या राखू लागतो. ज्याने आयुष्यभर सामर्थ्यावरून स्वतःची ओळख ठरवली, त्या माणसाचा सामर्थ्यावाचून उपयोग काय? वनस्पतीविषयी विचारलेला प्रश्न आता त्याच्या स्वतःच्या जीवनाला लागू होतो. त्याचे उत्तर कोणताही पराक्रम देत नाही. ते हळूहळू अंगवळणी पडणाऱ्या घरकामातून, सोबतीतून व वार्धक्यातून मिळते. ‘दि अदर विंड’च्या आरंभी मदत मागण्यासाठी आलेल्या पाहुण्याला एकेकाळचा हा श्रेष्ठ जादूगार भेटतो, तो शिडीवर चढून झाडाची फळे काढणारा म्हातारा म्हणून. ओगियनने पावसात जे शिकवले होते, ते गेडला या टप्प्यावर उमगलेले दिसते.

टेनार : नाव मिळाल्यानंतर

दुसऱ्या कादंबरीतील टेनारला बालपणीच आईवडिलांपासून दूर नेऊन अनामिक शक्तींची पुजारीण केले जाते. तिचे नाव काढून घेतले जाते. गेड तिला तिचे नाव परत देतो आणि ती थडग्यांच्या अंधारातून बाहेर पडते. हॅवनॉरच्या बंदरात त्यांचे स्वागत होते व कादंबरी संपते. नाव मिळाल्यानंतर या तरुणीने जगायचे कसे, हा प्रश्न तेथे अनुत्तरितच राहतो. प्रथम वाचनात ही उणीव जाणवत नाही, कारण सुटका हाच शेवट आहे असे कथानक सुचवते.

‘टेहानू’ हा प्रश्न पुढे नेते. ओगियनकडे विद्या शिकण्याची संधी असूनही टेनारने ती सोडली, एका शेतकऱ्याशी लग्न केले, मुले वाढवली व आता ती विधवा आहे. अनेकांना ही निवड माघार वाटू शकते. परंतु बालपणी तिने अनुभवलेली सत्ता व्यक्तीला गिळून टाकणारी होती, हे लक्षात घेतले तर दुसऱ्या प्रकारच्या सत्तेपासून तिने दूर राहणे सुसंगत ठरते. तथापि लेखिका या निवडीचे गौरवीकरण करीत नाही. समुद्रावरून परतलेला मुलगा रूढ हक्काने शेत ताब्यात घेतो आणि घरातील कामे बायकांची मानतो. आपणच वाढवलेल्या मुलात हे आले कोठून, या प्रश्नाने टेनार अस्वस्थ होते. भाजलेल्या व अत्याचारग्रस्त थेरू या मुलीचा सांभाळ करताना तिच्या मर्यादाही स्पष्ट होतात. प्रेमाने जखम बरी होतेच असे नाही, हे तिला मान्य करावे लागते. तिची वाढ या मान्यतेत आहे.

वाढ आणि दुरुस्ती

‘टेहानू’ला नेब्युला पुरस्कार लाभला, तसे आक्षेपही घेतले गेले. नायकाला निष्कारण खाली आणले आणि विचार मांडण्यासाठी कथा वाकवली, असे त्यांचे स्वरूप होते. १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात ले ग्विन यांनीच स्पष्ट केले की, पहिल्या तीन कादंबऱ्या पुरुष-नायकाच्या परंपरेत लिहिल्या गेल्या होत्या व चौथीत दृष्टी बदलली आहे.

या संदर्भात वाढ व दुरुस्ती यांत भेद करणे आवश्यक आहे. गेडमधील बदल ही वाढ आहे. तिचे बीज पहिल्या कादंबरीत स्पष्टपणे सापडते. गेडची पहिली शिक्षिका त्याची मावशी, एक ग्रामीण जादूटोणा करणारी स्त्री होती. स्त्रियांच्या विद्येला हीन ठरवणारी लोकोक्तीही त्याच कादंबरीत येते, पण तेव्हा कथन तिला प्रश्न विचारीत नाही. रोकच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता, हे २००१ च्या कथासंग्रहात सांगितले जाते. तसेच मृतांचा कोरडा प्रदेश हा निसर्गक्रम नसून अमरत्वाच्या मानवी हव्यासाचे फळ होते, असे ‘दि अदर विंड’मध्ये उलगडते व ती भिंत पाडली जाते. या दुरुस्त्या आहेत आणि त्यांचे सांधे काही ठिकाणी दिसतात. ‘टेहानू’मधील ॲस्पेन हा दुष्ट जादूगार तर एकरंगीच राहतो, स्त्रीद्वेषापलीकडे त्याला व्यक्तित्व नाही. आक्षेपांत तथ्य आहे ते एवढेच. पात्रांच्या वाढीवर मात्र त्यांचा परिणाम होत नाही, कारण गेड व टेनार हे विचारांचे प्रवक्ते होत नाहीत. ते चुकतात, चिडतात, लाजतात व थकतात.

समारोप

या मालेतील शेवटची कथा ‘फायरलाइट’ लेखिकेच्या निधनानंतर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वृद्ध गेड मृत्यूला सामोरा जातो. पहिल्या कादंबरीपासून तोपर्यंत ५० वर्षे लोटली होती. एवढ्या काळात लेखिका, पात्रे व वाचक एकाच वेळी वयस्क झाले, ही बाब अद्भुतकथेच्या प्रांतात विरळ आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. केवळ पहिली कादंबरी अभ्यासाला लावल्यास स्वतःच्या छायेला सामोरे जाणे म्हणजे प्रौढत्व, एवढाच बोध हाती लागतो. तो चुकीचा नाही, पण तो १९-२० वर्षांच्या तरुणाचा बोध आहे. जे मिळवले ते हातून गेल्यावर, किंवा जे सोडले त्याची किंमत पुढे कळल्यावर माणूस कसा जगतो, हा प्रश्न उत्तरार्धाशिवाय समोर येत नाही. विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न जवळचा वाटेल आणि त्यांच्या अध्यापकांना कदाचित दुसरा. दोन्ही प्रश्न एकाच कादंबरीमालेत भेटतात, यातच तिच्या पुनर्वाचनाचे मोल आहे.