कोटितीर्थाचे पाणी

नांदेडच्या आमच्या शाळेत चित्रकलेचा तास माझ्याकडे आला, की पोरे निसर्गचित्र काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा अर्धा सूर्य, खाली नदी आणि काठाला नारळ! नांदेड-लातूरच्या कोणत्या शिवारात नारळांची अशी रांग आहे? पण दारची बाभूळ काही वहीत उतरत नाही. पोरांना हसण्यात तरी काय अर्थ? माझ्या पहिल्या कादंबरीतला निसर्गही असाच उसना होता.

ती खोड माझ्या ध्यानात आणून दिली आबालाल रहिमान यांनी. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात त्यांची चित्रे पाहिली आणि पाय तिथून निघेना. मी मॅट्रिक शिकलेला मास्तर. रंगलेपनातले बारकावे मला कळतात असा दावा नाही. पण माणूस खरे पाहून सांगतो आहे की ऐकीव, एवढे लिहिणाऱ्याला ओळखता येते.

आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. पुढे मुंबईत न रमता ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटितीर्थ तळ्याच्या काठी एकांतात राहून १९३१ साली मृत्यू येईपर्यंत ते चित्रे काढीत राहिले. विषय कोणते? तेच कोटितीर्थ, तोच रंकाळा. फ्रान्समध्ये क्लॉद मोने आपल्या बागेतले कमळांचे तळे वर्षानुवर्षे रंगवीत होता, त्याच काळातली ही गोष्ट. रोजच्या पाण्यावर पहाटेचा उजेड निराळा, तिन्हीसांजेचा निराळा; या माणसाने तो निरखला. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात त्यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटितीर्थातच बुडविली, असे सांगतात.

एक तक्रार मात्र मनात राहते. आबालालांच्या तळ्यांना पाणी आहे. २०१६च्या एप्रिलात लातूरला आगगाडीने पाणी आले, तेही त्यांच्या मुलखाशेजारच्या मिरजेहून! कोरड्या पडलेल्या मांजरेचा उजेड कोणी रंगवायचा? भेगाळलेल्या काळ्या रानाला, करडईच्या काटेरी फुलाला, हापशापुढच्या घागरींना रंग नाहीत काय? आबालालांची चित्रे त्याचे उत्तर देत नाहीत. पण ते कसे शोधावे, एवढे शिकवितात. दारचे तळे सोडू नका, म्हणतात. ते आटले असेल, तर आटलेले पाहा.

मागच्या उन्हाळ्यात एका पोराने चित्रात हापसा काढला, भोवती सात घागरी. डोंगर नव्हते, नारळही नव्हता. "गुरुजी, याला निसर्गचित्र म्हणता येईल का?" त्याने भीत भीत विचारले. मी त्याची वही वर्गभर फिरविली. घरी येऊन माझी ती जुनी कादंबरी उघडली आणि नारळांच्या पानावर लाल रेघ मारली.