चव आणि लोकस्थिती

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला नाव दिले 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. या नावातील शब्दांचा क्रम आमच्या फार उशिरा ध्यानात आला. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागाहून. पुढे मराठी प्रवासवर्णनाने निराळी वाट धरली. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकापासून प्रवास करणाऱ्याचे मन हे या वाङ्मयप्रकाराचे केंद्र झाले. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) त्या मनाला खेळकर, घरोघरी आपलासा वाटणारा आवाज दिला. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मराठी वाचकाला त्यातून पुष्कळ मिळाले. तक्रार आहे ती या वाटेच्या आजच्या टोकाविषयी. प्रवाशाच्या मनाची जागा आता त्याच्या जिभेने घेतली आहे. गाव कोणतेही असो, एक पदार्थ, त्यामागे एक विशेषण, मग दुसरा पदार्थ, आणि अखेरीस 'संस्कृतींचा संगम' ही ठरलेली मोहोर, असा लेखांचा साचा झाला आहे.

दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी हे आम्ही लिहीत नाही. मलेशियातील पिनांग बेटावर जॉर्जटाउन हे जुने शहर आहे. तेथे तीन दिवस राहण्याचा योग आम्हांला आला. परतल्यावर टिपणवही उघडली, तर तीत चौदा पदार्थांची नावे होती, 'अप्रतिम' हा शब्द सहा वेळा होता आणि माणूस एकच होता. तोही शेवटच्या पानावर, घाईघाईने खरडलेल्या चार ओळींत. प्रस्तुत लेख ही त्या वहीची समीक्षा आहे, असे वाचकांनी समजावे.

पिनांग म्हणजे मलय भाषेत सुपारी. सुपारीच्या या बेटावर फ्रान्सिस लाइट या इंग्रजाने ऑगस्ट १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे निशाण लावले आणि बंदर जकातमुक्त ठेवले. जकात नाही म्हटल्यावर माणसे येणारच. दक्षिण चीनमधून फूजियानचे व्यापारी व मजूर आले, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरून मुसलमान व्यापारी आणि हिंदू हमाल आले, सुमात्राहून मलय व आचिनी आले, हिंदुस्थानातून कंपनीने बेड्या घालून कैदी आणले. शहरातील रस्ते, इमारती आणि त्यांतील स्वयंपाक या सर्वांच्या हातचा आहे. २००८ साली युनेस्कोने मलाक्का व जॉर्जटाउन ही दोन्ही शहरे जागतिक वारशाच्या यादीत घातली. आमच्या वहीत या परिच्छेदाऐवजी 'शहर रंगीबेरंगी, चालण्याजोगे' एवढेच आहे.

वहीतील पहिली नोंद 'नासी कांदार' या पदार्थाची. नासी म्हणजे भात. त्यावर मासळीची, कोंबडीची, भेंडीची अशा दोन-तीन आमट्या एकात एक मिसळतील अशा ओततात. 'रस्से एकमेकांत मिसळल्याने चव अप्रतिम', असे आम्ही लिहिले आहे. ते खोटे नाही. परंतु कांदार म्हणजे काय हे विचारण्याची तसदी आम्ही त्या वेळी घेतली नव्हती. कांदार म्हणजे कावड! तामिळ मुसलमान विक्रेता एका बाजूला भाताची व दुसऱ्या बाजूला आमट्यांची टोपली लावून ती कावड खांद्यावर घेई आणि भल्या सकाळी बंदरावरील हमालांना पोटभर जेवू घाली. पदार्थाच्या नावात त्या माणसाचा खांदा आहे, आणि आम्ही मात्र रश्शाची तारीफ करीत बसलो. ज्याच्या भाषेत कावड हा शब्द आहे, श्रावणबाळाची गोष्ट आहे, त्याने तरी हे ओळखायला हवे होते.

दुसरी नोंद 'आसाम लाक्सा'. बांगड्याच्या जातीच्या मासळीचा आंबट, पातळ रस्सा, त्यात तांदळाच्या जाड शेवया, वर काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि कोळंबीचा काळपट गोडसर खर्डा. येथे 'आंबटपणा ओळखीचा वाटला' अशी आमची टीप आहे. ओळखीचा वाटावा याला कारण आहे. चिंचेबरोबर तेथे एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या वापरतात. ते फळ आपल्या कोकमाच्या गोत्रातले आहे, वनस्पतिशास्त्र दोन्हींना गार्सिनिया याच कुळनामाने ओळखते. एवढे एक वाक्य पुढे लिहिले असते, तर 'ओळखीचे' या शब्दाला काही अर्थ आला असता. जीभ खूण पटवते. ती कशाची खूण हे शोधण्याचे काम लेखकाचे.

संगम या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमच्याही वहीत तो दोनदा आला आहे. जॉर्जटाउनच्या एकाच रस्त्यावर सेंट जॉर्ज हे अँग्लिकन चर्च (१८१८), चिनी देवी क्वान यिनचे देऊळ, मारिअम्मनचे देऊळ (१८३३) आणि कापितान केलिंग मशीद (१८०१) एकापुढे एक उभी आहेत. प्रवासी हे पाहून गहिवरतो. पण गहिवर ओसरल्यावर चहाच्या दुकानात बसून पाहावे. 'कोपितियाम' म्हणतात त्या दुकानात कॉफी मालकाची, आणि कडेच्या गाड्या निरनिराळ्या विक्रेत्यांच्या. चिनी गाडीवर डुकराची चरबी वापरतात, म्हणून मुसलमान गिऱ्हाईक तिकडे वळत नाही. नासी कांदारवाल्याकडे चिनी, तामिळ, मलय सगळे जेवतात, पण त्याच्या भट्टीवर डुकराचे मांस कधी चढत नाही. हिंदू गिऱ्हाइकांपैकी कित्येक गोमांस टाळतात. हा संगम नव्हे, शेजार आहे. नद्या संगमानंतर एकच नाव लावतात. शेजारी आपापली चूल राखतात, आणि भिंतीपलीकडचा वास ओळखतात. शेजार टिकवण्याला संगमापेक्षा अधिक शहाणपण लागते असे आमचे मत आहे, आणि संगम हा शब्द वापरून आपण त्या शहाणपणाचे श्रेयच काढून घेतो.

खरी सरमिसळ झाली ती जेथे लग्ने झाली तेथे. चिनी पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या वंशातील न्योन्या स्वयंपाक हे एक उदाहरण. दुसरे आपल्या अधिक जवळचे. लाइट उतरला त्याच १७८६ साली मुख्य भूमीवरील कुआला केडाहून पोर्तुगीज-सयामी रक्ताची कॅथोलिक कुटुंबे बिशप गार्नो यांच्यासह या बेटावर आली. स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या पूर्वसंध्येला ती पोचली असे परंपरा सांगते, आणि त्यावरून त्यांच्या देवळाला असम्प्शन हे नाव पडले. सध्याची वास्तू १८६० च्या सुमाराची आहे. १९५५ पासून २००३ पर्यंत ती पिनांग धर्मप्रांताचे कॅथीड्रल होती. तेथे आम्ही घटकाभर बसलो. मलाक्का-पिनांगच्या युरेशियन ख्रिस्ती घरांत नाताळात 'डेव्हल करी' करतात. मिरची, मोहरी आणि सिरका घालून, बहुधा सणाच्या जेवणातील उरलेल्या मांसाची. पोर्तुगीजांचे द्राक्षमद्य व लसूण लावलेले मांस गोव्यात आले आणि माडीच्या सिरक्यात विंदालू झाले, वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत इंद्याल झाले. ती तिखट-आंबट करी या इंद्यालची चुलतबहीण शोभावी. वसईचा किल्ला १७३९ साली पोर्तुगीजांच्या हातून गेला, सिरका मात्र राहिला.

आता वहीचे शेवटचे पान.

'चार क्वे त्याव' हा तेथील सर्वांत नावाजलेला पदार्थ. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, शिंपल्यातील मांस, मोड आलेले मूग, अंडे, हे सर्व डुकराच्या चरबीत कोळशाच्या भडक आचेवर परतायचे. एका वेळी एकच बशी, नाहीतर पट्ट्या चिकट होतात. एका गल्लीच्या तोंडाशी वृद्ध बाई हे काम करीत होत्या. रांग मोठी होती. मागे पिंपाशी बसून मुगाचे मोड निवडणारा तरुण आमच्याकडे पाहून हिंदी बोलू लागला. तो बांगलादेशाचा, हिंदी चित्रपटांतून शिकलेला. पाच वर्षे या गाडीवर होता. 'सगळे येते,' तो म्हणाला, 'पण झारा धरायचा हुकूम नाही.' मग बाईंकडे मान वळवून म्हणाला, 'त्यांचे मनगट दुखते.'

हुकूम खरा आहे. पिनांगच्या राज्य शासनाने २०१४ साली जाहीर केले आणि २०१६ पासून अमलात आणले, की रस्त्यावरील गाड्यांवर स्थानिक पदार्थ रांधण्याचे मुख्य काम परदेशी माणसाने करू नये. मदतनीस म्हणून त्याने राहावे. यामागची काळजी पोकळ नाही. गाडी भाड्याने देऊन मालक घरी बसतो, नवखा मजूर आठवड्याभरात शिकून कढईपुढे उभा राहतो, आणि ज्या चवीसाठी लोक समुद्र ओलांडून येतात ती बिघडते. हे घडते. विक्रेत्यांची मुले शिकली, कचेऱ्यांत गेली. कोळशाच्या धगीपुढे दिवसाचे आठ तास कोणी उभे राहावे? तेव्हा वारसा राखायचा तर काही बंधन हवे असे शासनाला वाटले, ते आम्हांला समजते.

परंतु हा नियम हात विचारीत नाही, पासपोर्ट विचारतो. नासी कांदारची कावड ज्याने वाहिली तो परदेशी होता. क्वे त्याव ज्याने पहिल्यांदा परतले तोही परदेशी होता. परक्यांनी घडवलेली चव परक्यांपासून वाचवायची, हा विचार आम्हांला पटत नाही. पाच वर्षे शेजारी बसून पाहिलेल्या हाताची परीक्षा घ्यावी. तो उतरला नाही, तर खुशाल नाकारावे. याच शहरात १९६६ च्या कायद्याने जुन्या दुकानघरांची भाडी बांधली होती. २००० सालापासून ते नियंत्रण गेले, भाडी चढली आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू उपनगरांत पांगले. आज त्या गल्ल्यांच्या भिंतींवर लोखंडी सळयांची व्यंगचित्रे लावली आहेत. पूर्वी तेथे कोणते धंदे चालत हे ती सांगतात. चित्रे उत्तम आहेत. प्रवासी त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात, आम्हीही काढली.

हे सारे लिहीत असता आमचाच एक जुना लेख आठवला आणि कपाटातून काढून वाचला. इंद्यालवर होता. बाटली मसाल्याचे गुणगान त्यात दोन पाने आहे: कोणत्या मिरच्या, किती उन्हे, बाटलीत दाबून भरण्याची रीत, आजीच्या हाताची माया. उन्हाळ्यात अंगणात येऊन लांब मुसळांनी तो मसाला कुटणाऱ्या बायांबद्दल त्या लेखात एक अक्षर नाही. त्या दोघी-तिघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने घाव घालीत. डोळ्यांतून पाणी वाहत असे, तोंडाला पदर बांधलेला असे. आम्ही लहानपणी ओसरीवर बसून ते पाहिले आहे. त्या कोणत्या पाड्यावरून येत आणि दिवसाला काय घेत, हे घरातील कोणालाही विचारता आले असते. तो लेख वाचून अनेकांनी कौतुकाची पत्रे पाठवली होती. त्या बायांविषयी एकानेही विचारले नाही. आता सांगू शकेल अशी आजी राहिली नाही. एक मोठी आत्या आहे, तिच्याकडे या रविवारी मिस्सानंतर जायचे ठरवले आहे.