‘मन’ आणि ‘मर्जी’ : ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या संज्ञेचे परीक्षण

‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संज्ञा मराठीत आता रुळली आहे. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे आणि त्या जाणिवेचा विचार व कृती यांसाठी उपयोग करणे, अशा आशयाची तिची व्याख्या पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या ग्रंथाने ती लोकप्रिय झाली व १९९८ च्या ग्रंथाने तिचा नोकरीतील यशाशी संबंध जोडला गेला. व्यक्तिमत्त्वविकासाच्या मराठी पुस्तकांनी ही मांडणी बहुतांशी जशीच्या तशी उचलली. मात्र मराठी भाषेने या व्यवहारासंबंधी पूर्वीच केलेल्या भेदांकडे त्यांचे लक्ष गेले नाही. ते भेद प्रमाण मानून सदर संज्ञा तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘राग’ हा शब्द घ्यावा. ‘मला राग आला’ किंवा वऱ्हाडीत ‘मले राग आला’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता राग आहे. ज्याला तो येतो ती व्यक्ती चतुर्थीत राहते. परंतु राग आल्यानंतर जे घडते ते सांगताना व्यक्ती कर्तेपदी येते : ती राग धरते, राग काढते, राग आवरते किंवा राग गिळते. ‘रागावणे’ यासारखी क्रियापदेही मराठीत आहेतच. तथापि वरील वाक्प्रयोगांतून दिसणारी विभागणी मार्मिक आहे. भावनेचे येणे माणसाच्या हाती नाही, तिचे पुढे काय करावे हे त्याच्या हाती आहे, असा विवेक तीत गृहीत आहे.

त्यातही ‘आवरणे’ आणि ‘गिळणे’ या दोहोंचा अर्थ एक नव्हे. राग आवरणारा मनुष्य स्वतःच्या निग्रहाने थांबतो. राग गिळणाऱ्याला बोलण्याची सोय नसते म्हणून तो थांबतो. बाहेरून पाहणाऱ्यास दोघेही सारखेच शांत दिसतात. ‘भावनांचे नियमन’ या नव्या शब्दाखाली ही दोन्ही क्रियापदे एकत्र येतात आणि लाचारीला प्रगल्भतेचे प्रशस्तिपत्र मिळण्याचा संभव निर्माण होतो.

‘मन’ व ‘मर्जी’ यांचीही हीच गोष्ट. मन कोणाचेही राखता येते : धाकट्याचे, थोरल्याचे, शेजाऱ्याचे, हाताखालच्या माणसाचे. मर्जी मात्र वरिष्ठाचीच राखावी लागते. अरबी-फारसीतून दरबारी व्यवहारात आलेल्या या शब्दाने सत्तेची पायरी अद्याप सोडलेली नाही. कारकुनाने साहेबाची मर्जी सांभाळली असे म्हणतात. साहेबाने कारकुनाची मर्जी सांभाळली असे म्हटल्यास त्यात उपहासच ऐकू येतो. दुसऱ्याच्या भावना ओळखण्याचा जो पाठ उमेदवारास दिला जातो, तो मन ओळखण्याचा की मर्जी ओळखण्याचा, हा प्रश्न त्यामुळे अटळ ठरतो.

आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या कामाचा अभ्यास करून, हसतमुख राहणे हेही वेतनासाठी करावे लागणारे श्रमच आहेत, असे दाखवले होते. भाषाविज्ञानात रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिल्मन यांनी १९६० मध्येच सर्वनामांच्या आधारे एक कसोटी दिली होती : संबोधन उभयपक्षी सारखे असेल तेथे जवळीक किंवा परस्पर आदर असतो, एकाने ‘तू’ आणि दुसऱ्याने ‘आपण’ म्हणावे लागते, तेथे सत्ता असते. हीच कसोटी भावनांच्या व्यवहारासही लावता येईल. समजून घेण्याचा भार एकाच बाजूवर असेल, तर त्या समजूतदारपणाला सद्गुण म्हणण्यापूर्वी थांबावे लागेल.

या दृष्टीने बुलढाणा जिल्ह्यातील शेगावचे उदाहरण विचारणीय आहे. श्रीगजानन महाराज संस्थानात पाळीपाळीने विनावेतन सेवेस येणारे सेवाधारी भाविकाला ‘माउली’ म्हणून संबोधतात. हे संबोधन वारकरी परंपरेतले असून वारीत ते परस्परांना लावले जाते. त्यास वय, जात वा हुद्दा यांची अट नाही. संस्थानाचा कारभार दीर्घकाळ पाहणारे शिवशंकर पाटील (निधन : २०२१) हेही ‘भाऊ’ याच नावाने ओळखले गेले. गर्दीतही टिकणाऱ्या तेथील सौजन्याचे रहस्य केवळ व्यक्तीच्या संयमात शोधू नये. उभयपक्षी चालणाऱ्या संबोधनाचाही त्यात वाटा आहे.

तथापि हे उदाहरण ताणू नये. सेवाधारी स्वेच्छेने येतो व पाळी संपताच घरी परततो. नोकरदारास ते स्वातंत्र्य नाही. कचेरीत ‘माउली’ म्हटल्याने पगार वाढत नाही की अन्याय टळत नाही. किंबहुना नात्याचे गोड नाव देऊन हक्काची मागणी दडपता येते, हाही अनुभव नवा नाही.

लोणार वा मेहकर येथून पुण्यामुंबईस मुलाखतीस जाणाऱ्या पदवीधराच्या दृष्टीने हा वाद केवळ शब्दांचा नाही. त्याच्या वऱ्हाडी बोलीतला मोकळेपणा उद्धटपणा समजला जाऊ शकतो आणि त्याने गिळलेला राग ‘परिपक्वता’ म्हणून नोंदला जाऊ शकतो. त्याला राग आवरण्यास अवश्य शिकवावे. परंतु जो त्याची परीक्षा घेतो, त्यालाही दुसऱ्याचे मन राखता येते काय, हे त्याच कसोटीने तपासले गेले पाहिजे. तोवर या नव्या संज्ञेचा मराठीतील खरा अर्थ ‘मर्जी राखणे’ एवढाच उरेल.