बाबूराव पटेल : वर्तन पाहणारा समीक्षक

बाबूराव पटेल यांच्याविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात किस्सेच फार. त्यांच्या लेखणीला नट-नट्या कशा घाबरत, निर्माते अंक हाती पडताच आधी कोणते पान उघडत, वाचकांच्या प्रश्नांना ते कशी तिरकस उत्तरे देत, वगैरे. किस्से रंजक आहेत. मंटोसारख्या लेखकालाही त्यांचे शब्दचित्र लिहावेसे वाटले, यातच सारे आले. पण किस्सा सांगून झाला की आपण हसतो आणि पान उलटतो. त्या माणसाने अमुक चित्रपटाला वाईट का म्हटले आणि तमुक चित्रपट डोक्यावर का घेतला, हे विचारायचे राहूनच जाते. समीक्षकाला विसरण्याची ही एक सभ्य रीत आहे.

बाबूरावांचा जन्म १९०४ चा, पालघरजवळच्या मासवणचा. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले. १९३५ साली त्यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले आणि पुढची पंचवीस वर्षे हिंदी चित्रपटांवर निकाल देण्याचे काम जवळजवळ एकहाती केले. पुढे त्याच मासिकाचे ‘मदर इंडिया’ झाले, चित्रपट मागे पडला आणि राजकारण पुढे आले. १९६७ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून लोकसभेवर निवडूनही गेले. माणूस मराठी, लिहिणे इंग्रजी, विषय हिंदी चित्रपट. त्यामुळे मराठी समीक्षेचा इतिहास लिहिताना त्यांना आपले म्हणावे की नाही, याचा घोळ झाला असावा. इंग्रजीत सिद्धार्थ भाटिया यांनी त्यांच्यावर नि सुशीलाराणींवर पुस्तक केले, तेही २०१५ मध्ये.

‘फिल्मइंडिया’चे बरेच जुने अंक आता इंटरनेट अर्काइव्हवर पानापानाने पाहता येतात. महागावसारख्या तालुक्याच्या गावी बसून अभ्यास करणाऱ्याला मुंबईतल्या ग्रंथालयासाठी आठ-आठ दिवस मुक्काम करणे परवडत नाही. त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. वीज असली म्हणजे झाले. ही पाने चाळताना जे चटकन नजरेत भरते ते बाबूरावांचे शिवराळपण नव्हे. ती जाहिरातींची गर्दी आहे. ज्या निर्मात्यांची सालटी काढायची, त्यांच्याच जाहिरातींनी अंक भरलेला. यावरून काही गैर सुचवायचे नाही; त्या काळात दुसरा मार्गही नव्हता. मात्र ज्या माणसाचा संसार अशा व्यवहारावर उभा होता, त्याला पडद्यावरचा व्यवहार मात्र क्वचितच दिसला, असे माझे मत बनले आहे. पडद्यावर त्यांना दिसे ते वर्तन. कोण कसे वागले, चांगले की वाईट, देशाला शोभेसे की लाजिरवाणे. कोणी कोणाचे किती देणे लागतो, हा प्रश्न त्यांच्या तराजूत आलाच नाही.

‘किस्मत’पासून सुरुवात करू. १९४३, बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. बाबूरावांनी मात्र त्याला धारेवर धरले. आक्षेप असा की यात गुन्हेगाराला सहानुभूती मिळते, चोरी मोहक वाटू लागते. वरवर पाहता आक्षेप खरा आहे. अशोककुमारचा शेखर तुरुंगातून सुटतो आणि लगेच हात चालवायला लागतो. सिगारेट ओढत, मंद हसत. प्रेक्षक त्याच्यावर खूश होतात. शेवटी तो श्रीमंताचा हरवलेला मुलगा निघतो आणि सगळे गोड होते.

पण ‘किस्मत’ एवढाच आहे का? नायिका राणी पायाने अधू आहे आणि तरी ती रंगमंचावर उभी राहते, ती हौसेने नव्हे. बाप एकेकाळी थिएटरचा मालक होता. दारूपायी सारे गेले, आणि जो कधी त्याच्याच हाताखाली होता तो इंद्रजित आता शेठ झाला. मुलगी त्याचेच कर्ज फेडते आहे. म्हणजे ज्या घरात चोर शिरतो, ते घर आधीच दुसऱ्या कुणीतरी रीतसर रिकामे केलेले आहे. एकाची चोरी पोलिसांत नोंदली जाते, दुसऱ्याची वहीत. चित्रपट या दोघांना बाप-लेक करतो. या नात्याकडे जरा नीट पाहावे. हरवले-सापडलेचा हा सोपा डाव पुढे हिंदी चित्रपटाने शेकडो वेळा खेळला, पण इथे त्याला अर्थ आहे. शेठ आणि पाकीटमार एकाच रक्ताचे आहेत, असे तो म्हणतो आहे. युद्धकाळात महागाईने पिचलेल्या प्रेक्षकाला हे कळले नसेल असे मी मानत नाही. बाबूरावांना पाकीटमार दिसला. शेठ दिसला नाही. इंग्रज सेन्सॉरच्या डोळ्यांत धूळ फेकणारे कवी प्रदीपांचे गाणे याच चित्रपटात आहे. जर्मन आणि जपानी यांचे नाव घेऊन ते नेमके कोणाला देशाबाहेर हाकलते, हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. प्रेक्षकाला आडून बोललेले कळते. बाबूरावांचा भर थेट बोलण्यावर होता.

हा थेटपणा जिथे कामी आला, तिथे त्यांच्याइतका खणखणीत आवाज दुसरा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. ‘द ड्रम’ (१९३८) आणि ‘गंगा दीन’ (१९३९) या चित्रपटांविरुद्ध त्यांनी मोहीम चालवली. एकात सरहद्दीवरचे कारस्थान, दुसऱ्यात कालीभक्त ठग आणि गोऱ्या साहेबांसाठी जीव देणारा भिश्ती. ‘द ड्रम’वरून मुंबईत निदर्शने झाली, ‘गंगा दीन’वर मुंबई आणि बंगाल प्रांतांत बंदी आली. साम्राज्य आपल्याविषयी काय सांगते, हे पडद्यावर ओळखणे ही त्या काळात मोठी गोष्ट होती. अशा चित्रपटांना वर्तनाचे माप बरोबर बसते, कारण तिथे बनवणाऱ्याचे वर्तनच तपासायचे असते. बंदीची मागणी मला पटत नाही, पण त्यामागची चीड खरी होती.

माप जिथे बसत नाही तिथे ते माणसाच्या अंगावर जाई. १९४४ च्या ‘ज्वार भाटा’त दिलीपकुमार नावाचा नवा मुलगा आला. बाबूरावांनी त्याला अशक्त, रक्त कमी असलेला ठरवले आणि जीवनसत्त्वे, प्रथिने घेण्याचा सल्ला दिला. आजही हे वाक्य हसत हसत सांगितले जाते. विनोद म्हणून ठीक आहे. परंतु त्यात अभिनयाविषयी काय आहे? नट म्हणजे भरदार देह आणि खडा आवाज, ही नाटकातून आलेली अपेक्षा. पाचच वर्षांत ‘अंदाज’मध्ये त्याच मुलाने आवाज खाली आणून, वाक्य अर्धवट सोडून, पाठमोरे उभे राहून सारे काम केले. जे दुबळेपण वाटले होते तेच त्याचे हत्यार निघाले.

त्याच सुमारास बाबूरावांनी स्वतःही दिग्दर्शन केले. ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६), दोन्हींत नायिका सुशीलाराणी. दोन्ही चालले नाहीत. यावर त्यांच्या शत्रूंनी जो आनंद साजरा केला तो मला क्षुद्र वाटतो. स्वयंपाक येत नाही म्हणून आमटी खारट लागू नये असा काही नियम नाही.

आता ‘मदर इंडिया’. मेहबूब खान, १९५७. बाबूरावांनी हा भारतात निघालेला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरवला आणि नर्गिसला काढून टाकले तर चित्रपटच उरत नाही, अशा आशयाचे लिहिले. हे मत पुढे इतके मान्य झाले की ते बाबूरावांचे होते हेही लोक विसरले. मला ते तपासून पाहायचे आहे, आणि ते यवतमाळ जिल्ह्यातून पाहायचे आहे. कापसाच्या आणि कर्जाच्या या मुलखात ‘मदर इंडिया’ पाहताना नर्गिसच्या खांद्यावरचा नांगर दिसतोच. पण त्याआधी दिसतो तो अंगठा. सासूने लग्नासाठी सुखीलालाकडून ५०० रुपये घेतले. वहीत काय लिहिले हे तिला वाचता येत नाही. तिचे म्हणणे वेगळे, वहीचे वेगळे. आणि पंचायत वहीच्या बाजूने जाते. पिकाचे तीन हिस्से व्याजात, एक हिस्सा घरात, आणि मुद्दल जागच्या जागी. सवाई-दिढीचा हिशोब ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकला आहे, त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. पुढचे सारे, म्हणजे माळरान नांगरणे, नवऱ्याचे हात जाणे, त्याचे परागंदा होणे, पूर, भूक, त्या एका अंगठ्यातून निघते.

आणि नर्गिसला काढून टाकण्याचे म्हणाल, तर मेहबूबनी तो प्रयोग आधीच केलेला होता. १९४० सालचा त्यांचा ‘औरत’ म्हणजे हीच गोष्ट. तिथे आई सरदार अख्तर. सतरा वर्षांनी गोष्ट पुन्हा केली तेव्हा आई बदलली, मुलगे बदलले, रंग आला, संगीत बदलले. बदलला नाही तो सावकार. ‘औरत’मध्येही कन्हैयालाल आणि ‘मदर इंडिया’तही कन्हैयालाल. नर्गिसचे काम मोठे आहे, यात वाद नाही. मात्र मेहबूबना ज्याच्या जागी दुसरा उभा करावासा वाटला नाही, तो सुखीलाला आहे. परीक्षणात ही गोष्ट मध्यभागी यायला हवी होती.

मग हा चित्रपट बाबूरावांना इतका का भावला असेल? माझा अंदाज सांगतो. ‘किस्मत’मधल्या चोराचा धाकटा भाऊ शोभावा असा बिरजू इथे आहे. तोही लुटतो, तोही प्रेक्षकांचा लाडका आहे, आणि त्याचे भांडण मुळात वहीशी आहे. ‘किस्मत’ने चोराला घरी परत आणले. ‘मदर इंडिया’त आई त्याला गोळी घालते, कारण त्याने लालाच्या मुलीला पळवले आणि गावाची लाज पणाला लागली. या क्षणी चित्रपटच हिशोब बाजूला ठेवून वर्तनाचा निकाल देतो. बाबूराव वर्षानुवर्षे जो निकाल मागत होते, तो मेहबूबनी राधाच्या हातात बंदूक देऊन दिला. मुलीची अब्रू राखणे योग्यच. बिरजूचे ते कृत्य कोण समर्थनीय मानेल? तरीही त्या गोळीबरोबर एक मूळ प्रश्न पडद्यावरून नाहीसा होतो. ५०० रुपयांचे पुढे काय झाले? लाला बिरजूच्या हातून मेला, बिरजू आईच्या, कालव्याला पाणी आले. पंचायतीने तो पहिला निकाल कधी फिरवला, हे चित्रपट सांगत नाही. बाबूरावांनीही विचारले नाही.