हृदयपेशीतील नांगर : अँकिरिन-बी-विषयक संशोधनाचे परीक्षण

हृदयपेशीचे विद्युत्कार्य आयन-मार्गिकांच्या घडणीवर जितके अवलंबून असते, तितकेच त्या पेशीत कोठे स्थिर झाल्या आहेत यावरही असते. या विचारास रोगविज्ञानात मान्यता मिळवून देणारा निबंध म्हणून मोहलर, बेनेट आणि त्यांचे सहकारी यांच्या २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा निर्देश करावा लागेल.

अँकिरिन हे प्रथिन नावाप्रमाणेच नांगराचे काम करते. त्याचा एक भाग पटलातील प्रथिनांना धरतो, तर दुसरा स्पेक्ट्रिनच्या द्वारे पेशीच्या सांगाड्याशी जोडलेला असतो. एका फ्रेंच कुटुंबात लांबलेले क्यू-टी अंतर, मंद नाडी व आकस्मिक मृत्यू आढळत होते. तेथे अँकिरिन-बी मधील १४२५ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लायसिन असल्याचे या निबंधाने दाखविले. जनुकाची एक प्रत नष्ट केलेल्या उंदरांत सोडियम-पोटॅशियम पंप, सोडियम-कॅल्शियम विनिमयक व इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेटचे ग्राहक आपापल्या स्थानांवर उणावले आणि कॅल्शियमचे नियमन बिघडले. मार्गिकेच्या जनुकात दोष नसताही लय बिघडू शकते, हा निष्कर्ष खरोखर मौलिक होय.

तथापि दोन आक्षेप उरतात. पहिला व्याप्तीचा. अँकिरिन-बी वरील पुराव्यावरून सर्वच मार्गिकांविषयी विधान करता येणार नाही. मुख्य सोडियम-मार्गिकेला धरणारे अँकिरिन-जी निराळे असून, तो संबंध तुटल्यास मार्गिका पेशीपृष्ठावर साचत नाही, हे २००४ मध्ये ब्रुगाडा विकारातील एका उत्परिवर्तनाच्या अभ्यासातून स्वतंत्रपणे दाखवावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निबंधाच्या शीर्षकाने हा दोष दीर्घ क्यू-टी विकाराच्या चौथ्या प्रकारास कारण ठरविला. परंतु पुढे असे बदल धारण करणाऱ्या अनेकांत हे अंतर प्राकृत आढळले, आणि २०२० च्या जनुक-पुनर्मूल्यमापनात या विकाराचे कारण म्हणून अँकिरिन-बी च्या जनुकाचा पुरावा मर्यादित वा विवाद्य जनुकांच्या गटात गणला गेला. हा केवळ नामकरणाचा वाद नव्हे. चाचणीत असा बदल आढळताच निदान पक्के मानले, तर निरोगी माणसाच्या माथी आजन्म भय येते आणि कुटुंबातील मृत्यूचे खरे कारण अज्ञात राहते.

सारांश, नांगराचा सिद्धांत पेशीच्या पातळीवर भक्कम आहे. रुग्णाच्या निदानाचा भार मात्र त्या एकट्यावर टाकता येणार नाही.