पेटीतील बुद्ध आणि झिजणारी फीत

राहाता येथील एका विहारात आम्ही गेलो असता बुद्धमूर्तीशेजारी ठेवलेली प्लॅस्टिकची लहानशी पेटी त्रिसरण म्हणत होती. विहारात दुसरे कोणी नव्हते. तिसऱ्यांदा संघाला शरण जाऊन झाले की पेटी पुन्हा पहिल्या सरणाकडे वळे. तिला थकवा नव्हता, श्रद्धाही नव्हती. जवळच्या शिर्डीच्या बाजारात नामजपाच्या अशाच पेट्या मिळतात. कूळ एकच, आतील चिप तेवढी निराळी.

या पेटीने जगाच्या संगीतातही एक गंमत घडविली आहे. चीनमधील विहारांतल्या पठणपेट्या पाहून बीजिंगच्या ‘एफएम थ्री’ या जोडीने, म्हणजे क्रिस्टियान विरांट व झांग जिआन यांनी, 2005 साली ‘बुद्ध मशीन’ काढले. त्यात शब्द नाहीत. नऊ संथ ध्वनितुकडे आहेत. एक निवडावा, तो बंद करीपर्यंत फिरत राहतो. ब्रायन ईनो या ज्येष्ठ संगीतकारानेही ही खेळणी विकत घेतली. ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांनी गायकामागचा तानपुरा आठवावा, आणि गायक उठून गेल्यावरही तो वाजतच राहिला आहे असे समजावे. पूर्वी हे काम चुंबकीय फितीचे तोंड व शेपूट चिकटवून करीत. स्टीव्ह राइशने 1965 मध्ये एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या आवाजाच्या दोन सारख्या फिती एकदम लावल्या. यंत्रांच्या वेगात किंचित फरक पडून एकाच वाक्याची दोन वाक्ये होत गेली.

‘बुद्ध मशीन’ आम्हांस आवडले. तथापि नावापलीकडे त्यात बुद्ध कोठे आहे, हा प्रश्न उरतो. पुनरुक्ती पाली वाङ्मयातही विपुल आहे. किंबहुना नवा वाचक तिलाच प्रथम कंटाळतो. हस्तलिखितांत अशा जागी ‘पे’ एवढेच लिहून लेखक पुढे जातो व गाळलेला भाग वाचकाने स्मरणातून भरावयाचा असतो. परंतु तेथे प्रत्येक फेरीत एक शब्द बदलतो: डोळा, मग कान, मग नाक, अखेरीस मन. ऐकणारा बेसावध राहिला तर नेमका तोच शब्द निसटतो. ही आवृत्ती झोपविण्यासाठी नाही.

या कसोटीवर आम्हांला बुद्धाचे नावही न घेणारी एक कृती अधिक मोलाची वाटते. विल्यम बसिन्स्की हा अमेरिकन संगीतकार 2001 मध्ये आपल्या जुन्या फिती संगणकावर उतरवीत होता. फिरता फिरता फितीवरील चुंबकीय लेप गळू लागला. त्याने यंत्र थांबविले नाही. ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या या कृतीचा पहिला भाग तासाहून अधिक चालतो. तोच लहानसा स्वरसमूह परत येतो, दर वेळी थोडा कमी होऊन. कोणत्या फेरीत काय गेले हे मात्र सांगता येत नाही. अनिच्चावर आम्ही वर्गात बरेच बोललो आहोत. इतके नेमके बोललो असू असे वाटत नाही.

संगीताविषयी तथागतांचा सावधपणा प्रसिद्ध आहे. अंगुत्तर निकायाच्या पञ्चकनिपातात धम्म लांब आळवीत गाण्याचे पाच दोष सांगितले आहेत. स्वतःच त्या स्वरात गुंतणे हा त्यांतील पहिला. विनयात मात्र सस्वर पठणास अनुज्ञा आहे. म्हणजे आक्षेप स्वरावर नाही, अर्थ झाकून टाकणाऱ्या स्वरावर आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंनी त्रिसरण उच्चारले ते स्वमुखाने. आपण कोणाला शरण जात आहोत, आणि काय सोडून, हे त्यांना ठाऊक होते. ते काम पेटीवर सोपविणे आम्हांस मान्य नाही.

मुलांना पाठांतरासाठी पेटी लावावी, यास आमची हरकत नाही. पण मग ध्वनिमुद्रण तरी शुद्ध हवे. राहात्याच्या पेटीत ‘गच्छामि’तील जोडाक्षर सुटून सरळ ‘गछामि’ ऐकू येत होते, आणि दर फेरीला तीच चूक होत होती.