रक्ताचे संबोधन : एम्. जी. रामचंद्रन आणि त्यांचा अनुयायी-वर्ग

लोकप्रिय नेता आणि त्याचे निष्ठावंत अनुयायी यांच्यामधील बंधाचा विचार बहुधा राज्यशास्त्राच्या वा समाजशास्त्राच्या अंगाने केला जातो. परंतु हा बंध प्रथम भाषेत आकार घेतो, आणि भाषेतही तो युक्तिवादापेक्षा संबोधनात अधिक स्पष्ट दिसतो, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९७७ साली तमिळनाडूचे मुख्यमंत्री झालेले आणि, १९८० मधील राष्ट्रपती राजवटीचे काही महिने वगळता, १९८७ मधील मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिलेले चित्रपटनट एम्. जी. रामचंद्रन यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे एम्. एस्. एस्. पांडियन यांचा १९९२ मधील 'द इमेज ट्रॅप' हा होय. पडद्यावर गरिबांचा कैवारी म्हणून उभी राहिलेली प्रतिमा आणि तिच्या बळावर चाललेला कारभार यांतील अंतर पांडियन यांनी साधार दाखविले आहे. त्या कारभाराचा भार पुष्कळ अंशी गरिबांवरच पडला, हेही त्यांनी मांडले आहे. मात्र 'सापळा' हे रूपक स्वीकारले की अनुयायी हा केवळ सापडलेला जीव ठरतो. त्याचा स्वतःचा शब्द त्या रूपकात ऐकू येत नाही. तो ऐकावयाचा तर संबोधनांकडे वळले पाहिजे.

द्राविड चळवळीत नातेवाचक संबोधनांची एक परंपराच आहे. सी. एन्. अण्णादुराई हे 'अण्णा' या, मराठीतही रूढ असलेल्या, नातेवाचक शब्दानेच ओळखले जात. आणि आपल्या साप्ताहिकातील पत्रे ते 'तंबी'स, म्हणजे धाकट्या भावास, उद्देशून लिहीत. येथे थोरला व धाकटा असा क्रम आहे. थोरल्याने समजावून सांगावे, धाकट्याने ऐकावे. एम्. करुणानिधी यांनी 'मुरसोली'तील पत्रांसाठी 'उडन्पिरप्पे' हा शब्द निवडला. 'सोबत जन्मलेला' एवढाच त्याचा अर्थ. वयाचा आणि लिंगाचा भेद त्यात नाही. रामचंद्रन यांचे संबोधन होते 'एन् रत्तत्तिन् रत्तमे', अर्थात 'माझ्या रक्ताच्या रक्ता'. यात भाऊ नाही, बहीण नाही. कोणतेच विशिष्ट नाते नाही. म्हणून कोणत्याही नात्याची विशिष्ट कर्तव्येही नाहीत. आहे ते केवळ अभेदाचे विधान.

हे विधान करणारा नेता जन्माने मल्याळी कुटुंबातील होता आणि त्याचा जन्म १९१७ साली सिलोनमध्ये झाला होता, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. शुद्ध तमिळचा आग्रह धरणाऱ्या चळवळीत, 'कुरुदि' हा देशी शब्द उपलब्ध असताना, संस्कृत 'रक्त' शब्दापासून आलेला 'रत्तम्' त्याच्या तोंडी रुळला. तो बोलीतील शब्द होता. व्यासपीठावरील अलंकृत तमिळ ज्यांना दुरून ऐकावी लागे, त्यांच्या घरात तो नित्य वापरला जाई. वंशाने जे रक्त सिद्ध होत नव्हते, ते अशा रीतीने बोलीच्या समाईकपणाने सिद्ध झाले.

अनुयायांचा शब्द काय होता? १९६५ मधील एका गाजलेल्या चित्रपटाचे नाव 'एंग वीट्टुप् पिळ्ळै', म्हणजे 'आमच्या घरचा मुलगा'. तमिळमध्ये, मराठीतील 'आपण' व 'आम्ही' यांप्रमाणेच, श्रोत्याला सामावून घेणारे आणि वगळणारे अशी दोन सर्वनामे आहेत. 'एंग' हे वगळणारे रूप होय. शीर्षकाने निवडलेले सर्वनाम 'आपल्या' नव्हे, 'आमच्या' असे आहे. ते घरातील माणसाने बाहेरच्याला ऐकवावयाचे वाक्य आहे, आणि प्रेक्षक रामचंद्रन यांच्याविषयी ते वाक्य स्वतःचे म्हणून उच्चारू शकत होता. ज्यांना 'आमचे' म्हणावे असे सार्वजनिक जीवनात फारसे काही नव्हते, त्यांना या सर्वनामाने एक मालकी दिली. तिला भ्रम म्हणून बाजूस सारणे न्याय्य होणार नाही. याच प्रेक्षकांच्या रसिक-मंडळांतून १९७२ साली नव्या पक्षाची बांधणी झाली, ही त्या मालकीची व्यावहारिक साक्ष होय.

तथापि या संबोधनाची किंमतही तपासली पाहिजे. १ जुलै १९८२ पासून सुरू झालेली शाळकरी मुलांच्या पोषक आहाराची योजना हे रामचंद्रन यांचे खरोखर मोठे कार्य. तिच्यामागे बालपणी स्वतः सोसलेली भूक आहे, असे ते सांगत. भुकेची ही ओळख 'रक्ता'ला आशय देते. परंतु तिच्यामुळेच नागरिकाचा हक्क हा घरच्या माणसाने भरविलेला घास होऊन बसतो. घास देणाऱ्याचे उपकार स्मरतात. त्याच्याकडे हिशेब मागणे कृतघ्नपणाचे वाटते. आणि विसंगती अशी की, १९७२ साली द्रविड मुन्नेत्र कळघमातून रामचंद्रन यांची हकालपट्टी झाली ती त्यांनी पक्षनेत्यांच्या मालमत्तेचा व पक्षाचा हिशेब जाहीरपणे मागितल्यामुळे. हिशेबाच्या मागणीतून जन्मलेल्या पक्षाने जे नाते रूढ केले, त्यात हिशेबाला जागा उरली नाही.

१२ जानेवारी १९६७ रोजी सहनट एम्. आर्. राधा यांनी झाडलेल्या गोळीने रामचंद्रन यांच्या मानेला इजा झाली आणि त्यांचा आवाज कायमचा बदलला. त्याच वर्षी ते विधानसभेवर निवडून आले. १९८४ च्या आजारपणात वाचा आणखी खालावली. त्या डिसेंबरातील निवडणूक त्यांनी अमेरिकेतील रुग्णालयात असताना, आंडिपट्टी मतदारसंघात पाऊलही न टाकता जिंकली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूती आणि काँग्रेसशी युती ही कारणेही होतीच. तरी भाषेच्या अभ्यासकाला यातून एक निष्कर्ष टाळता येत नाही : संबोधन पुरेसे रुजले की संबोधकाच्या वाणीची गरज राहत नाही. ऐकणारेच ते वाक्य पूर्ण करतात. हीच अनुयायांची निर्मितिशीलता आणि हाच धोका. कारण जो बोलत नाही त्याला प्रश्नही विचारता येत नाही.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरील त्यांच्या समाधीवर आजही माणसे कान टेकवितात. आत त्यांचे मनगटी घड्याळ अद्याप चालू आहे, अशी समजूत आहे. त्या माणसांना हसण्याचा अधिकार समीक्षेला नाही. ऐकण्याची एवढी तयारी असलेल्या समाजाला उत्तरदायी राज्यकर्ता कोणत्या शब्दाने हाक मारील, हा प्रश्न मात्र तिने विचारला पाहिजे.